अजायबघराची फाळणी

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे हे संपादित शब्दांकन)



लाहोर हे नाव मराठी माणसाला परके नाही. १७५८ च्या एप्रिल महिन्यात राघोबादादांच्या फौजा लाहोरात शिरल्या आणि 'अटकेपार' हा शब्द आपल्या भाषेत कायमचा रुजला. त्यानंतर पावणेतीन वर्षांतच पानिपत झाले. १४ जानेवारी १७६१ या दिवशी भाऊसाहेबांच्या सैन्यावर अब्दालीच्या ज्या तोफा धडाडल्या, त्यांपैकी एक तोफ आजही लाहोरच्या मॉल रस्त्यावर एका चौथऱ्यावर उभी आहे. तिचे नाव झमझमा. ही तोफ लाहोरातच ओतलेली. अब्दालीचा वजीर शाहवली खान याच्या आज्ञेवरून १७५७ च्या सुमारास शाह नजीर नावाच्या कारागिराने ती ओतली. तिच्यासाठी लागणारे तांबे-पितळ शहरातल्या घराघरांतून जिझिया म्हणून भांडी गोळा करून मिळवले, असे सांगतात. म्हणजे लाहोरच्या एखाद्या गृहिणीच्या स्वयंपाकघरातली परात वितळून पानिपतावर गेली! पुढे ही तोफ भंगी मिसलीच्या शीख सरदारांच्या हाती आली, १८०२ मध्ये महाराजा रणजितसिंहांनी ती मिळवली, १८१८ च्या मुलतानच्या वेढ्यात ती वापरली गेली आणि तेथे तिची बरीच मोडतोड झाली. पंजाबी माणूस आजही तिला 'भंगियां दी तोप' म्हणतो.

मात्र आज मला बोलायचे आहे ते या तोफेविषयी नव्हे. तोफेच्या समोरच तांबड्या विटांची, घुमटांची आणि कोरीव संगमरवरी दरवाजाची एक इमारत आहे. तिला लोक 'अजायबघर' म्हणतात. आमच्या नागपूरकर मित्रांना हा शब्द ऐकून लगेच आपल्या 'अजब बंगल्या'ची आठवण होईल, आणि ती योग्यच आहे. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ चे, लाहोरचे त्याच्या मागोमागचे. दोन्ही एकाच काळाची आणि एकाच धोरणाची अपत्ये. नागपूरचा अजब बंगला मात्र अखंड राहिला. लाहोरचे अजायबघर १९४८ मध्ये कापले गेले. ते कसे उभे राहिले आणि कसे कापले गेले, हे आपल्यापुढे मांडण्यासाठी मी आज येथे उभा आहे.

साम्राज्याची मोजदाद

२९ मार्च १८४९ या दिवशी इंग्रजांनी पंजाब खालसा केला. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांत, १८६४ साली, लाहोरात 'पंजाब प्रदर्शन' भरले. प्रांतात काय पिकते, कोणते लाकूड मिळते, कोणती खनिजे निघतात, कोणत्या गावचा विणकर कोणते कापड विणतो, हे सारे एका छपराखाली मांडण्यात आले. प्रदर्शन संपल्यावर त्या वस्तू त्याच इमारतीत ठेवल्या गेल्या आणि लाहोरच्या संग्रहालयाचा जन्म झाला. बेडन-पॉवेल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने या सगळ्याची दोन जाडजूड पुस्तके तयार केली. त्यांचा क्रम मोठा बोलका आहे. पहिले पुस्तक १८६८ चे, त्याचा विषय पंजाबचा कच्चा माल. कारागिरी आणि कला यांचा क्रमांक दुसरा, तो १८७२ मध्ये लागला. ज्याला दुकान चालवायचे आहे, तो आधी कोठार मोजतो. एखाद्या राष्ट्राच्या स्मृतीचे घर उभारण्याची कल्पना त्या वेळी कोणाच्या डोक्यात असण्याचे कारण नव्हते.

हे स्पष्ट सांगितल्यावर दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. १८७५ साली या संग्रहालयावर जॉन लॉकवुड किपलिंग हा गृहस्थ अभिरक्षक म्हणून आला. मुंबईकरांना त्याची ओळख नाव न घेताही आहे. क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावरची उठावाची शिल्पे पाहिली असतील, तर ती त्याचीच कल्पना. १८६५ पासून दहा वर्षे तो जे. जे. कलाशाळेत शिकवत होता, आणि त्याचा मुलगा रुडयार्ड याच मुंबईत जन्मला. त्या मुलाच्या साम्राज्यप्रेमाबद्दल आपण काय म्हणायचे ते म्हणू; त्याने १९०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'किम' या कादंबरीचा प्रारंभ मात्र याच झमझमेवर बसलेल्या पोरापासून आणि समोरच्या या अजायबघरापासून होतो. वडील वेगळ्या घडणीचे होते. लाहोरच्या मेयो कलाशाळेचे प्राचार्यपद आणि संग्रहालय ही दोन्ही कामे त्यांनी १८९३ पर्यंत एकत्र सांभाळली. पंजाबचा सुतार, लोहार, विणकर यांच्या हातात जे आहे ते विलायती नमुन्यांच्या नकलेने मारले जाईल, ही चिंता त्यांना होती आणि ती त्यांनी उघड बोलून दाखवली.

याच कलाशाळेत एका शीख सुतारकुटुंबातला मुलगा शिकायला आला. त्याचे नाव भाई रामसिंग. आपल्या शालेय पुस्तकांत हे नाव नाही, ही खेदाची गोष्ट आहे. १८५८ चा जन्म, घरात लाकडाचे काम. किपलिंगने त्याला हेरले, आणि हा मुलगा वास्तुकलेत इतका पुढे गेला की राणी व्हिक्टोरियाच्या ऑस्बोर्न येथील प्रासादात 'दरबार दालन' सजवण्याचे काम त्याच्याकडे आले. त्यासाठी तो इंग्लंडला गेला. अमृतसरचे खालसा महाविद्यालय हीसुद्धा त्याचीच रचना. संग्रहालयासाठी नवी इमारत बांधायचे ठरले, तेव्हा निमित्त राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे होते. ३ फेब्रुवारी १८९० रोजी राणीच्या नातवाच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १८९४ मध्ये इमारत खुली झाली. दगडावर नाव राजपुत्राचे कोरले गेले. पण ती जाळी, त्या कमानी, तो विटांचा बांध पाहिला की त्या सुतारकुटुंबातल्या मुलाचा हात ओळखू येतो.

इमारतीत पुढे जे येत गेले, ते पाहिले म्हणजे मोजदादीसाठी काढलेले दालन कसे पालटत गेले हे ध्यानात येते. १८८८-८९ मध्ये डीन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने युसुफझाई भागातील सिक्री येथे एक स्तूप उकरला. त्या स्तूपावरचे बुद्धचरित्राचे तेरा शिल्पपट लाहोरला आणून पुन्हा स्तूपाच्या आकारात जोडण्यात आले. त्याच सिक्रीहून तपस्वी सिद्धार्थाची मूर्ती आली. उपोषणाने देह इतका झिजलेला, की बरगड्यांवरून धमन्या मोजाव्यात. डोळे खोल गेलेले, आणि आसन मात्र अविचल. मी या मूर्तीची केवळ छायाचित्रे पाहिली आहेत. तरीही सांगतो, भारतीय मनाने तपश्चर्येविषयी जे काही जाणले, ते दगडात इतके स्पष्ट क्वचितच कोठे उतरले असेल. ग्रीक धाटणीचे छिन्नीकाम आणि पूर्णपणे भारतीय आशय यांचा हा मेळ म्हणजे गांधार कला. ज्या भूमीने पाणिनीला जन्म दिला, जेथे तक्षशिला उभी होती, त्या भूमीची ही भाषा होती.

नाण्यांचा संग्रह वाढला. व्हाइटहेड यांनी १९१४ मध्ये काढलेली इंडो-ग्रीक नाण्यांची सूची आजही नाणकशास्त्राचे अभ्यासक उघडतात. पहाडी राज्यांतली लघुचित्रे आली. कांगडा, गुलेर, चंबा येथील राधा-कृष्ण, नायिका, बारमासा. या चित्रांची सूची १९२२ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि ती करणारा माणूस होता समरेंद्रनाथ गुप्त, अवनींद्रनाथ ठाकुरांचा शिष्य. १८६४ च्या याद्या इंग्रज अधिकारी करत होता आणि त्यात अफू, लोकर, मीठ होते. १९२२ ची यादी एक भारतीय चित्रकार करतो आहे आणि तिच्यात कृष्ण आहे. ज्या अजायबघरात खेडूत बाया-बापड्या देवदर्शनाच्या भावनेने येत, त्या घराला अशा रीतीने त्याचा खरा मालक भेटू लागला होता.

आणि याच सुमारास त्या भूमीच्या पोटातून आणखी काही बाहेर आले. हडप्प्याच्या विटा रेल्वेच्या ठेकेदारांनी आगगाडीच्या मार्गासाठी केव्हाच खणून नेल्या होत्या. दयाराम साहनींनी तेथे १९२१ मध्ये उत्खनन सुरू केले, राखालदास बॅनर्जींनी पुढच्या वर्षी मोहेंजोदडो येथे. येथे एक गंमत सांगतो, आणि ती आपल्याच माणसाची आहे म्हणून अधिक मोकळेपणाने सांगतो. देवदत्त भांडारकर १९११-१२ मध्ये मोहेंजोदडो पाहून आले होते. विटा अर्वाचीन वाटतात, गाव फार तर दोनशे वर्षांचे असावे, असा त्यांचा अभिप्राय! थोर विद्वानाचीही दृष्टी चुकते. त्याची भरपाई दुसऱ्या मराठी माणसाने केली. काशिनाथ नारायण दीक्षित यांनी १९२४-२५ मध्ये मोहेंजोदडोचे उत्खनन केले आणि पुढे ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले.

साठ आणि चाळीस

१९४७. रॅडक्लिफचा निवाडा १७ ऑगस्टला प्रसिद्ध झाला आणि लाहोर पाकिस्तानात गेले. त्या उन्हाळ्यात आणि त्या पावसाळ्यात लाहोरात, अमृतसरात, रावळपिंडीत काय घडले, ते येथे पुन्हा सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्यापैकी काहींच्या शेजारी त्या आगीतून आलेली कुटुंबे राहिली आहेत. माणसेच जेथे गाडीच्या टपावर बसून येत होती, तेथे मूर्तींची आणि चित्रांची चिंता कोण करणार?

पण सरकारे चिंता करतात, कारण त्यांच्या दप्तरी प्रत्येक वस्तूची नोंद असते. अखंड पंजाबच्या मालमत्तेची वाटणी करायची होती. त्यासाठी पश्चिमेला साठ आणि पूर्वेला चाळीस असे प्रमाण धरले गेले. संग्रहालय हीही प्रांताची मालमत्ता, तेव्हा तिलाही तेच प्रमाण लागू झाले. १० एप्रिल १९४८ या दिवशी लाहोरच्या अजायबघराची वाटणी झाली. शंभरातले साठ तिकडे, चाळीस इकडे. शिल्पे, चित्रे, सारे या हिशेबात बसवले गेले.

क्षणभर हे दृश्य डोळ्यांपुढे आणा. एकाच परिसरातून निघालेली, एकाच शतकातल्या शिल्पकारांनी घडवलेली गांधार शिल्पे. त्यांतली काही लाहोरच्या भिंतीपाशी राहिली, काही पेट्यांत भरली गेली. समरेंद्रनाथांनी ज्यांची एक सूची केली होती, त्या चित्रांना आता दोन देश मिळाले. पुन्हा यादी, पुन्हा मोजदाद. शंभर वर्षांच्या आत हे घर जेथून निघाले होते तेथेच येऊन पोहोचले, आणि या वेळी मोजणारे परके नव्हते.

तक्षशिला, हडप्पा, मोहेंजोदडो येथील वस्तूंची कथा थोडी निराळी, कारण त्या केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या. त्यांच्याबाबत भूमीचे तत्त्व पुढे आले. ज्या भूमीतून वस्तू निघाली, ती त्या देशाची. परंतु मोहेंजोदडोच्या सुमारे बारा हजार वस्तू त्या वेळी दिल्लीत होत्या. शिवाय लंडनच्या रॉयल अकादमीत भरणाऱ्या भारतीय कलेच्या प्रदर्शनासाठी अनेक संग्रहालयांतून मौल्यवान वस्तू पाठवायचे ठरले होते. ती योजना आखली गेली तेव्हा देश एक होता. नोव्हेंबर १९४७ मध्ये प्रदर्शन उघडले, तेव्हा त्याचे नाव 'भारत आणि पाकिस्तान यांची कला' असे झाले होते! परत आलेल्या वस्तू दिल्लीच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनात मांडल्या गेल्या आणि त्यातूनच १५ ऑगस्ट १९४९ रोजी राष्ट्रीय संग्रहालय सुरू झाले. एका वाटणीच्या खटाटोपातून देशाच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा प्रारंभ व्हावा, हाही काळाचा खेळ.

मोहेंजोदडोच्या त्या वस्तू निम्म्या-निम्म्या वाटल्या गेल्या. नर्तकीची इवलीशी कांस्यमूर्ती दिल्लीत राहिली, दाढीधारी 'पुरोहित राजा' आज कराचीत आहे. इथपर्यंत समजू शकते. पण त्या संग्रहात हिरव्या जेडच्या मण्यांचा आणि सोन्याच्या चकत्यांचा एक हार होता. कार्नेलियनच्या लांब मण्यांचा एक कमरपट्टा होता. चार हजार वर्षांपूर्वीच्या कोणा स्त्रीने ते अंगावर घातले असतील. वाटणी करणाऱ्यांनी हार ओवलेला काढला आणि मणी मोजले. अर्धे एका बाजूला, अर्धे दुसऱ्या बाजूला. कमरपट्ट्याचेही तेच. मला अनेकांनी विचारले आहे की ही दंतकथा तर नव्हे? नव्हे. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात जो हार आहे, तो अर्धा हार आहे.

या वाटणीचा निषेध करणे सोपे आहे. निर्णय करणाऱ्यांच्या जागी उभे राहून पाहणे कठीण आहे. केवळ भूमीचे तत्त्व मानले असते, तर सिंधू संस्कृतीचे जे पहिले दर्शन जगाला घडले, त्यातले काहीही दिल्लीत उरले नसते आणि एकही लाहोरी गांधार मूर्ती आपल्याकडे आली नसती. केवळ प्रमाण मानले, तर हार तुटतो. राहून राहून वाटते ते एवढेच, की ज्या वस्तू एकमेकींवाचून अपुऱ्या आहेत त्या अखंड ठेवून, वाटल्यास संपूर्ण पलीकडे देऊन, बदल्यात दुसरे काही अखंड घेता आले असते. जो हार मी गमावला पण तो पूर्ण आहे, त्याचे दुःख मला अर्ध्या हाराच्या मालकीपेक्षा कमी वाटेल.

आणखी एक गोष्ट. "तिकडे राहिले ते सगळे नष्ट झाले असेल," असे आपल्याकडे सहज बोलले जाते. मार्च २००१ मध्ये बामियानच्या मूर्ती सुरुंग लावून उडवल्या गेल्या, हे जगाने पाहिले, त्यामुळे ही भीती निराधार म्हणता येत नाही. परंतु लाहोरच्या अजायबघरापुरते बोलायचे तर सत्य वेगळे आहे. तपस्वी सिद्धार्थ तेथे सुखरूप आहे, सिक्रीचा स्तूप तेथे आहे, आणि ते त्या संग्रहालयाचे भूषण म्हणून जपले गेले आहेत. चौकातून हटवलेला राणी व्हिक्टोरियाचा पुतळासुद्धा अखेर याच इमारतीत येऊन विसावला. बाहेर विद्यापीठासमोर संस्कृतचे अभ्यासक आल्फ्रेड वूल्नर यांचा पुतळा अजून उभा आहे. लाला लजपतराय यांचा पुतळा मात्र १९४८ मध्ये लाहोर सोडून सिमल्याला आला. दगडाच्या आणि धातूच्या माणसांनाही त्या काळी निर्वासित व्हावे लागले.

आपल्या वाट्याचे चाळीस

आता आपल्याकडे वळू, कारण मला बोलायचे होते ते मुख्यतः हे.

आपल्या वाट्याचे चाळीस टक्के एप्रिल १९४९ मध्ये सीमा ओलांडून आले. सहाशेहून अधिक गांधार शिल्पे आणि ती नाजूक लघुचित्रे. ती कोठे ठेवायची? पूर्व पंजाबला राजधानीच नव्हती. पेट्या आधी अमृतसरला गेल्या. मग सिमल्याला. मग पतियाळ्याला. ज्याला स्वतःचे घर नाही, त्याला या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे हलवतात, तसे या संग्रहाचे झाले. चंदीगड वसवले गेले, विधानभवन झाले, न्यायालय झाले. संग्रहालयाचा क्रम त्यांच्यानंतर लागला. ६ मे १९६८ रोजी ल कॉर्बुझिए यांनी आखलेली ती इमारत उघडली. मधली वर्षे मोजा. सीमा ओलांडल्यापासून एकोणीस वर्षे!

निर्वासितांना छप्पर द्यायचे की बुद्धाला, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला असता, तर उत्तर एकच होते आणि ते योग्यच होते. पण एकोणीस वर्षे हा फार मोठा काळ आहे. ज्या वारशासाठी आपण पैशापैशाचा हिशेब मांडला, तो हातात आल्यावर एका अख्ख्या पिढीला नीट पाहायला मिळाला नाही. फाळणीत पाच-सहा वर्षांचे असलेले मूल लाहोरच्या अजायबघरातली ती शिल्पे पुन्हा आपल्या प्रांताच्या राजधानीत पाहीपर्यंत स्वतः आई-बाप झाले होते.

या सगळ्यात एका माणसाचे ऋण मान्य केलेच पाहिजे. महिंदरसिंग रंधावा. प्रशासकीय सेवेतले अधिकारी, वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक, फाळणीनंतर निर्वासितांच्या पुनर्वसनाचे प्रचंड काम केलेले. हा माणूस कांगड्याच्या डोंगरांतून संस्थानिकांच्या वाड्यावाड्यांत फिरला आणि पहाडी चित्रे मिळवत गेला. लाहोरकडून आलेला अपुरा संग्रह त्याने असा पुन्हा भरला. चंदीगडच्या संग्रहालयाचे उद्घाटनही त्यांच्याच हस्ते झाले, तेव्हा ते तेथे मुख्य आयुक्त होते. ज्यांना 'सरकारी अधिकारी' हा शब्द उच्चारताच कपाळाला आठी पडते, त्यांनी रंधावांनी कांगडा चित्रकलेवर लिहिलेले ग्रंथ जरूर चाळावेत.

मी स्वतः चंदीगडला गेलो तो एका विवाहाच्या निमित्ताने. यजमानांनी रॉक गार्डन दाखवले, सुखना तलाव दाखवला, रोझ गार्डनही सुटले नाही. संग्रहालयाचे नाव काढले, तेव्हा तेथेच जन्मलेले यजमान म्हणाले, "आहे खरे, शाळेत असताना गेलो होतो." मी एकटाच गेलो. गांधार दालनात त्या दुपारी माझ्याखेरीज एक पहारेकरी आणि चित्रकलेच्या दोन विद्यार्थिनी होत्या. त्या मुली एका बोधिसत्त्वाच्या मुकुटाची वळणे कागदावर उतरवत होत्या. ही मूर्ती कोठून आली, असे मी विचारले. एक म्हणाली, "लाहोरहून." मग थोडे थांबून तिने विचारले, "आणि बाकीच्या तिकडेच आहेत ना?"

आपल्यापैकी जे हिमाचलच्या सहलीला जातात, त्यांची गाडी बहुधा चंदीगडवरूनच जाते. संग्रहालय सेक्टर १० मध्ये आहे. सोमवारी बंद असते, एवढे लक्षात ठेवून जावे.